कोंबडीचे घर आणि माणसाचे ताट

दक्षिण दिल्लीतील मुनिरका हे एकेकाळी शेतकऱ्यांचे गाव होते. टोकस कुळातील जाटांची ती जुनी वस्ती. गावाभोवती शेते होती आणि घराच्या अंगणात गुराढोरांना जागा होती. स्वातंत्र्यानंतर राजधानीचा विस्तार होऊ लागला, तेव्हा या परिसरातील शेतजमिनी सरकारने संपादित केल्या. रामकृष्णपुरमची सरकारी वसाहत उभी राहिली, आणि १९६९ मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू विद्यापीठ पुढे याच भागात आले. शेते गेली, परंतु गावठाण राहिले. शेतीचे उत्पन्न बंद झाल्यावर गावकऱ्यांनी गावठाणातील घरांवर मजले चढविले आणि खोल्या भाड्याने देण्यास प्रारंभ केला. जेथे पूर्वी म्हैस बांधली जात असे, तेथे आज अरुंद जिने आणि एकमेकींना जवळजवळ टेकलेल्या इमारती दिसतात. त्यांत विद्यार्थी राहतात, ईशान्य भारतातून आलेले तरुण राहतात, नोकरीच्या शोधात आलेली माणसे राहतात.

घराच्या रचनेतील या बदलाचा आहाराशी निकटचा संबंध आहे. ज्या घरात जनावराला जागा असते, त्या घरातील माणसाला आपल्या अन्नाचा उगम ठाऊक असतो. एका खोलीत राहणाऱ्या भाडेकरूला तो ठाऊक असण्याचे कारण नाही. गल्लीतील दुकानातून तो अर्धा किलो कोंबडी विकत घेतो. ती कोंबडी बहुधा शेजारच्या एखाद्या राज्यातील मोठ्या शेडमध्ये वाढलेली असते आणि यमुनेपलीकडच्या गाझीपूरसारख्या घाऊक बाजारातून शहरात आलेली असते. तिला कोणते खाद्य मिळाले, किती जागा मिळाली, कोणती औषधे दिली गेली, हे ग्राहकाला तर नाहीच, पण पुष्कळदा दुकानदारालाही सांगता येत नाही. मात्र या प्रश्नांच्या उत्तरांवरच त्या मांसाची आरोग्यदृष्ट्या योग्यता मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

खुराड्यापासून शेडपर्यंत

महाराष्ट्रातील खेड्यांत कोंबडी ही परसदाराची रहिवासी. दिवसभर ती उकिरडा उकरते, किडे आणि सांडलेले दाणे टिपते आणि तिन्हीसांजेला खुराड्यात जाते. फ्रान्समधील शेतकऱ्याच्या घरालाही असेच एक अंगण असे. घर, कोठार आणि गोठा यांच्यामध्ये राहिलेल्या या मोकळ्या जागेला फ्रेंच भाषेत ‘बास-कूर’ म्हणतात. कोंबड्या, बदके, ससे तेथे वाढत. आजही त्या भाषेत पाळीव पक्ष्यांचा उल्लेख बास-कूरचे पक्षी असाच केला जातो. घराचा एक भाग असलेली ही जागा सोडून कोंबडी स्वतंत्र इमारतीत राहावयास गेली, ती विसाव्या शतकात.

या स्थित्यंतराचा आरंभ अमेरिकेत झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे अधिक मांसल आणि लवकर वाढणारा पक्षी निर्माण करण्याच्या स्पर्धा घेण्यात आल्या. अंड्यांसाठी वेगळा पक्षी आणि मांसासाठी वेगळा पक्षी, अशी जातींची विभागणी पक्की झाली. मांसासाठी वाढविल्या जाणाऱ्या पक्ष्याला ‘ब्रॉयलर’ हे नाव मिळाले. भारतात या उद्योगाला १९७० नंतर वेग आला. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये स्थापन केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचा त्यात मोठा वाटा होता, आणि पुढे पुणे हे या व्यवसायाचे एक प्रमुख केंद्र बनले. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशातील कुक्कुट पक्ष्यांची संख्या सुमारे ८५ कोटी होती. त्यांपैकी सुमारे ५३ कोटी पक्षी व्यावसायिक शेडमधील आणि सुमारे ३२ कोटी परसातील होते. देशात उत्पादन होणाऱ्या एकूण मांसापैकी सुमारे निम्मे मांस आता कुक्कुटवर्गीय पक्ष्यांचे असते.

आपल्याकडील नेहमीची ब्रॉयलर शेड ही लांबट, बाजूंनी जाळी असलेली आणि पत्र्याचे छप्पर असलेली इमारत असते. ऊन थेट आत येऊ नये म्हणून तिची लांबी पूर्व-पश्चिम ठेवतात. वारा आरपार जावा म्हणून रुंदी बेताची असते. जमिनीवर भाताच्या तुसाचा थर पसरलेला असतो. एका पक्ष्याला साधारणपणे एक चौरस फूट जागा मिळते. पिल्ले एका दिवसाची असताना येतात आणि पाच ते सहा आठवड्यांत सुमारे दोन किलो वजनाची होऊन बाहेर पडतात. हजारो पक्षी एकाच तुसावर, स्वतःच्या विष्ठेच्या सान्निध्यात, आपले सारे आयुष्य घालवितात. तूस ओलसर झाले की त्यातून अमोनिया वायू सुटतो, डोळ्यांची आणि श्वासनलिकेची आग होते, आणि रोगाला वाट मिळते. म्हणून चांगला कुक्कुटपालक तूस वरचेवर हलवितो, पडदे वेळच्या वेळी उघडतो व मिटतो. कोंबडीचे आरोग्य प्रथमतः तिच्या घराच्या वास्तुरचनेवर अवलंबून असते, हे त्याला अनुभवाने कळलेले असते.

वेगवान वाढीचे खरे कारण

एवढ्या थोड्या दिवसांत कोंबडी एवढी मोठी कशी होते, याविषयी लोकांत एक समज रूढ आहे. तिला संप्रेरकांची, म्हणजे हार्मोन्सची, इंजेक्शने दिली जातात, असे सर्रास बोलले जाते. हा समज वस्तुस्थितीला धरून नाही. वाढीचे संप्रेरक प्रथिनरूप असते. ते खाद्यातून दिल्यास पोटातच पचून जाते, आणि हजारो पक्ष्यांना पुनःपुन्हा सुई टोचणे कोणत्याही व्यावसायिकाला परवडणारे नाही. वाढीचे खरे कारण पिढ्यान् पिढ्या केलेली निवड, आणि तिच्या जोडीला मका व सोयापेंड यांचे काटेकोर खाद्य, हे आहे.

कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगातून हे स्पष्ट होते. त्यांनी १९५७ आणि १९७८ या वर्षांतील, नंतर कोणतीही निवड न केलेले दोन जुने वाण आणि २००५ मधील एक व्यापारी वाण, असे तिन्ही वाण एकत्र वाढविले. तिघांना खाद्य एकच दिले. ५६ दिवसांनंतर १९५७ च्या वाणाचे सरासरी वजन सुमारे ९०० ग्रॅम, १९७८ च्या वाणाचे सुमारे १,८०० ग्रॅम आणि २००५ च्या वाणाचे सुमारे ४,२०० ग्रॅम भरले. खाद्य तेच असताना वजनात चौपटीहून अधिक पडलेला हा फरक केवळ अनुवंशाचा होता.

या वेगाची किंमत पक्ष्याला मोजावी लागते. शरीराचा भार पेलण्याइतके पाय बळकट होत नाहीत. हृदय व फुप्फुसे यांच्यावर ताण येतो. छातीच्या मांसात चरबीच्या पांढऱ्या रेषा दिसू लागतात किंवा ते लाकडासारखे कठीण बनते. असे मांस विषारी नसते, परंतु त्यात स्निग्धांश वाढलेला आणि प्रथिनांचा दर्जा काहीसा उतरलेला आढळतो.

औषध खाद्यात कसे आले

संप्रेरकांची भीती निराधार असली, तरी काळजीचे दुसरे कारण खरे आहे. ते म्हणजे प्रतिजैविके. १९४८ ते १९५० या काळात अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत टॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे शास्त्रज्ञ पिल्लांच्या खाद्यावर संशोधन करीत होते. ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक तयार केल्यावर उरलेला चोथा पिल्लांना खाऊ घातला असता ती नेहमीपेक्षा वेगाने वाढतात, असे त्यांना आढळले. अत्यल्प मात्रेत मिसळलेल्या औषधाने मांसाचे उत्पादन वाढते, ही बातमी उद्योगाला वरदानासारखी वाटली. थोड्याच वर्षांत जगभर निरोगी पक्ष्यांच्या खाद्यात औषध मिसळले जाऊ लागले.

जीवाणूंच्या दृष्टीने मात्र ही अल्प मात्रा म्हणजे शिकवणीच होती. औषधाची पूर्ण मात्रा बहुतेक जीवाणूंना मारून टाकते. अपुरी मात्रा दुर्बळांना मारते आणि चिवट तेवढे मागे ठेवते. हे चिवट जीवाणू वाढतात आणि औषधाला दाद न देण्याचा आपला गुण दुसऱ्या जातीच्या जीवाणूंनाही देऊ शकतात. कच्च्या मांसावरून, शेडमध्ये राबणाऱ्या मजुराच्या हातावरून, शेतात टाकलेल्या कोंबडखतावरून आणि सांडपाण्यातून ते माणसापर्यंत पोहोचतात. पुढे एखाद्या रुग्णाला तेच औषध देण्याची वेळ आली, की त्याचा उपयोग होत नाही. म्हणून प्रतिजैविकांचा हा प्रश्न मांस न खाणाऱ्यांनाही टाळता येत नाही.

ब्रिटनमध्ये १९६९ मध्येच स्वान समितीने या धोक्याचा इशारा दिला होता. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठी प्रतिजैविके वापरण्यावर बंदी घातली. युरोपीय संघात अशी संपूर्ण बंदी १ जानेवारी २००६ पासून लागू झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये निरोगी जनावरांना वाढीसाठी किंवा केवळ रोग टाळण्यासाठी ही औषधे देऊ नयेत, अशी शिफारस केली.

दिल्लीतील परिस्थितीवर प्रकाश पडला तो २०१४ मध्ये. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने दिल्ली, नोएडा, गुडगाव, फरिदाबाद आणि गाझियाबाद येथील बाजारांतून कोंबडीचे ७० नमुने घेऊन सहा प्रतिजैविकांसाठी तपासले. त्यांपैकी ४० टक्के नमुन्यांत कोणत्या ना कोणत्या प्रतिजैविकाचा अंश सापडला, आणि सुमारे १७ टक्क्यांत एकाहून अधिक औषधे होती. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी, माणसांच्या आजारांवर नित्य वापरली जाणारी औषधे त्यांत होती. मांसात उरलेला अंश फार सूक्ष्म असतो, त्यामुळे खाणाऱ्याला लगेच अपाय होईल असे नाही. शेडमध्ये औषधाचा वापर किती सर्वसाधारण झाला आहे, याची ती खूण होती.

पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, चीनमधील संशोधकांनी कॉलिस्टिन या औषधाला न जुमानणारे आणि एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारे जनुक शोधून काढले. अन्य सर्व औषधे निष्फळ ठरल्यावर अत्यवस्थ रुग्णाला जे औषध दिले जाते, ते हे कॉलिस्टिन. त्याच वेळी अनेक देशांत ते कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले जात होते. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांमध्ये कॉलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. या प्रश्नाची व्याप्ती जागतिक आहे. २०१९ या एका वर्षात औषधप्रतिरोधी जीवाणूंच्या संसर्गामुळे थेट मृत्यू पावलेल्यांची संख्या जगात सुमारे १२ लाख ७० हजार होती, असा अंदाज आहे. त्यास केवळ पशुपालन कारणीभूत नाही. माणसांनी स्वतःसाठी केलेला औषधांचा बेसुमार वापरही तितकाच जबाबदार आहे.

शेतकऱ्याची अडचण

हे सारे वाचून दोष कुक्कुटपालकाच्या माथी मारणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. महाराष्ट्रात आणि इतरत्र बरेचसे ब्रॉयलर उत्पादन कराराने चालते. कंपनी पिल्ले, खाद्य आणि औषधे पुरविते. शेड, वीज, पाणी आणि श्रम शेतकऱ्याचे असतात. तयार पक्षी कंपनी उचलते आणि किलोमागे ठरलेला मोबदला देते. पक्षी दगावले किंवा खाद्याच्या मानाने वजन भरले नाही, तर मोबदला घटतो. शेडसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता मात्र घटत नाही. अशा स्थितीत पाण्यात मिसळलेले औषध हा शेतकऱ्याला सर्वांत स्वस्त विमा वाटतो. शेड रुंद करणे, पक्षी कमी ठेवणे, दोन तुकड्यांमध्ये शेड पुरेसे दिवस रिकामी ठेवणे, हे उपाय त्याहून चांगले आहेत, पण त्यांचा खर्च एकट्या शेतकऱ्यावर पडतो.

दाटीचा धोका किती मोठा असू शकतो, याचा अनुभव नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरने घेतला आहे. गुजरातच्या सीमेवरील या गावाच्या परिसरात पोल्ट्री फार्म एकमेकांजवळ उभे राहिले होते. फेब्रुवारी २००६ मध्ये तेथे एच-५-एन-१ या विषाणूचा संसर्ग आढळला. बर्ड फ्लूचा भारतातील तो पहिला उद्रेक होता. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. देशभर मांसाचे भाव कोसळले, आणि रोगाशी काहीही संबंध नसलेले कुक्कुटपालकही त्यात बुडाले. २०२१ च्या आरंभी नवापूरला हेच संकट पुन्हा सोसावे लागले.

ताटातील हिशेब

असे असले, तरी कोंबडीचे मांस आहारातून वगळावे, असा निष्कर्ष यातून निघत नाही. कातडी काढलेल्या छातीच्या १०० ग्रॅम मांसातून २० ग्रॅमहून अधिक उत्तम प्रतीची प्रथिने मिळतात आणि स्निग्धांश अल्प असतो. भारतीयांचा आहार मुख्यतः तृणधान्यांचा, आणि त्यात प्रथिने कमी पडतात, ही जुनी तक्रार आहे. औद्योगिक पद्धतीने पोसलेल्या कोंबडीमुळे पूर्वी सणासुदीला मिळणारे मांस सामान्य माणसाच्या आवाक्यात आले, हा लाभ खराच आहे.

या लाभाची हानी बहुधा शिजविण्याच्या पद्धतीत होते. ब्रॉयलरची पुष्कळशी चरबी कातडीखाली आणि पोटाच्या पोकळीत साठते, व ती काढून टाकता येते. पण तेच मांस पिठात घोळवून तेलात तळले, किंवा त्यापासून नगेट्स आणि सॉसेज केले, की मीठ आणि स्निग्धांश यांचे प्रमाण वाढते. मीठ लावून, धुरी देऊन किंवा रसायने घालून टिकविलेल्या मांसाच्या नित्य सेवनाने आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो, असा निर्वाळा कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २०१५ मध्ये दिला आहे.

जीवाणूंच्या बाबतीत उष्णता हा खात्रीचा उपाय आहे. मांसाच्या आतील भागाचे तापमान ७४ अंश सेल्सिअसपर्यंत गेले, की साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर यांसारखे जीवाणू मरतात. औषधप्रतिरोधी जीवाणूही त्यास अपवाद नाहीत. आपल्याकडे रस्सा पुरेसा उकळला जातो, त्यामुळे भीती शिजलेल्या मांसाची कमी आणि कच्च्या मांसाची अधिक असते. कच्चे मांस नळाखाली धुतल्याने जीवाणू जात नाहीत. उलट तुषारांबरोबर ते ओट्यावर, भांड्यांवर, जवळ ठेवलेल्या कोथिंबिरीवर पसरतात. त्याच विळीवर किंवा सुरीने नंतर कांदा-काकडी चिरणे धोक्याचे असते. मुनिरक्यातल्यासारख्या एका खोलीच्या बिऱ्हाडात, जेथे एकच सुरी आणि एकच पाट असतो, तेथे हा नियम विशेष महत्त्वाचा ठरतो. औषधाचा अंश मात्र शिजविल्याने पूर्णपणे नष्ट होईलच असे नाही. तो खाद्यातच जाऊ न देणे, हाच त्यावरील मार्ग होय.

गावरान कोंबडी हे या सर्व प्रश्नांचे उत्तर, असेही पुष्कळांना वाटते. सावकाश वाढलेल्या पक्ष्याचे मांस घट्ट आणि चवदार असते, यात शंका नाही. परंतु ती महाग असते, आणि रंगीत पिसांचे शेडमधील पक्षीही त्या नावाने विकले जातात. तिच्याही अंगावर जीवाणू असतात. पिसांच्या रंगावरून पालनाची पद्धत ओळखता येत नाही. त्यासाठी नियम आणि त्यांची तपासणी करणारी यंत्रणा लागते.

घराला नियम

अशी यंत्रणा उभारण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न फ्रान्समध्ये झाला. औद्योगिक कोंबडी बाजारात येताच जुन्या बास-कूरची चव हरवल्याची तक्रार तेथील ग्राहक करू लागले. १९६० च्या कृषी कायद्याने दर्जाच्या सरकारमान्य चिन्हाची तरतूद केली आणि १९६५ मध्ये लांद प्रदेशातील कोंबड्यांना ‘लाबेल रूज’, म्हणजे तांबडे चिन्ह, मिळाले. या चिन्हाचे नियम पाहता ते बव्हंशी कोंबडीच्या घराचे नियम आहेत, असे दिसते. इमारत ४०० चौरस मीटरांहून मोठी नसावी. एका चौरस मीटरमध्ये ११ हून अधिक पक्षी नसावेत. वयाच्या सहा आठवड्यांनंतर पक्ष्यांना दिवसा बाहेर फिरावयास मिळावे. वाण सावकाश वाढणारा असावा, आणि ८१ दिवसांपूर्वी त्याची कत्तल होऊ नये. आपल्या ब्रॉयलरच्या हे जवळजवळ दुप्पट आयुष्य झाले.

या प्रयत्नालाही मर्यादा आहेत. अशी कोंबडी महाग असते. अलीकडच्या वर्षांत फ्रान्समध्ये खाल्ल्या जाणाऱ्या कोंबडीच्या मांसापैकी निम्म्याच्या आसपास मांस परदेशांतून येते, आणि ते मुख्यतः उपाहारगृहांत व तयार खाद्यपदार्थांत जाते. मोकळ्या फिरणाऱ्या पक्ष्यांना रानपक्ष्यांकडून बर्ड फ्लूची लागण होण्याचे भय असते, त्यामुळे साथीच्या काळात त्यांना आतच कोंडावे लागते. तेव्हा फ्रेंच नमुना जसाच्या तसा उचलून दिल्लीचे किंवा महाराष्ट्राचे पोट भरणार नाही. स्वीडनचा मार्ग त्या मानाने अधिक अनुकरणीय वाटतो. औषधावर बंदी आल्यानंतर तेथे ब्रॉयलरच्या शेडची तपासणी करून त्यांना गुण देण्याची पद्धत सुरू झाली. हवा, तूस, उपकरणे आणि निगा चांगली असेल, त्या शेडमध्ये अधिक पक्षी ठेवण्याची मुभा मिळते. निकृष्ट शेडमध्ये संख्या कमी करावी लागते. चांगले घर बांधणाऱ्या पालकाला त्यामुळे आपल्या खर्चाचा मोबदला मिळतो.

भारतात विधी आयोगाने २०१७ मधील आपल्या २६९ व्या अहवालात अंड्यांच्या आणि मांसाच्या कोंबड्यांची वाहतूक व निवास यांविषयी नियम सुचविले आहेत. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या जागेविषयी २०२३ मध्ये नियम झाले. औषधांच्या अंशांविषयी अन्नसुरक्षा कायद्याखाली मर्यादा ठरलेल्या आहेत. पण मर्यादा ठरविणे पुरेसे नाही. गाझीपूरला येणाऱ्या गाडीतील पक्ष्यांचे नमुने नियमितपणे तपासले जाणे, खाद्याच्या पोत्यावर औषधाचा उल्लेख असणे, कत्तलीपूर्वी किती दिवस औषध बंद होते याची नोंद शेडमध्ये ठेवली जाणे, आणि कराराच्या मोबदल्यात शेडच्या दर्जाचा विचार होणे, या चार गोष्टी घडल्या तर मोठा फरक पडेल.

सधन ग्राहक महाग कोंबडी निवडू शकतो. महिन्याच्या पगारातून खोलीचे भाडे देऊन उरलेल्या पैशांत बाजार करणाऱ्याला निवड करता येत नाही. तो काळजीपूर्वक शिजवील, कातडी काढील, सुरी वेगळी धुवील. एवढे त्याच्या हातात आहे. कोंबडीच्या घरात किती हवा खेळावी आणि तिच्या पाण्यात काय मिसळावे, हे त्याला ठरविता येत नाही. ते ठरविण्याचे काम उत्पादकांचे आणि शासनाचे आहे, आणि त्यांनी ते कसे केले याचा परिणाम सर्वांत आधी त्याच्याच ताटात उतरतो.